पुढचा खांदा

गिरनारवर डोली वाहणाऱ्याची खरी परीक्षा उतरताना होते. चढताना छाती फुटते, पण मांडी आखडून ओझं वर ढकलते आणि मोकळी होते. उतरताना तीच मांडी जोर न सोडता ताणू द्यावी लागते. दर पायरीला माणसासकट डोलीचा धक्का ती पिते, थोडा पोटात ठेवते आणि पाऊल लगेच पडलं तर पुढच्या पावलाला परत देते. रेंगाळलं की साठवलेलं विरून जातं, मांडी नुसती जळते. म्हणून आम्ही दुडक्या चालीनं उतरतो. आणि म्हणूनच बरेच दिवस घरी राहिलेला गडी आधी चार दिवस रिकामी डोली घेऊन उतरतो, मग मागचा खांदा धरतो. पुढे भार कलतो; तो खांदा मुरलेल्या पायांचा.

तीस वर्षं हे मला ठाऊक आहे. तरी मी चुकलो.

माझा मेहुणा पुंजा काविळीनं दोन महिने अंथरुणावर होता. बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही रिकामी डोली घेऊन अंबाजीच्या देवळापर्यंत चढलो. तिथे म्हातारी झवेरबा बसलेली, सगळ्यांची 'बा'. तांब्याच्या घड्यावर बोटांतल्या अंगठ्या वाजवत ती आख्यान सांगायला लागली की मी जेवण विसरतो. रात्रीचं आख्यान आटपून ती खाली निघाली होती.

"नाथा, नेतोस का रे मला? गुडघे रुसलेत."

पुंजानं मला बाजूला ओढलं. "दाजी, माझा पहिला दिवस आहे. दुसऱ्या डोलीला हाक मारू."

"चढताना धाप तरी लागली का तुला? सासूबाईंनी तूप चारून नुसता वळू केलाय."

"चढणं वेगळं न् उतरणं वेगळं, हे तुम्हीच शिकवलंत."

"आज देवानं धाडलंय तिला. आणि ऐक, पुढे तू हो."

"पुढे? मी?"

"डोलीत तिचं तोंड मागे असतं. मागे राहिलो तर दोन शब्द बोलता येतील."

"बोलायचंय कसलं, ऐकायचंय तुम्हाला. सरळ सांगा की!" तो हसला आणि पुढे जाऊन दांड्याला खांदा दिला.

मी विनवलं आणि झवेरबानं सुदामा द्वारकेला निघाल्याची कथा धरली. घडा मांडीवर, आवाज माझ्या कानाशी. एकेक शब्द नीट ऐकावा म्हणून माझी पावलं आपोआप मंदावली.

"दाजी, चाल मोडू नका!" पुढून पुंजा ओरडला.

"हळू घे रे, बाची मान हिंदकळतेय."

खोटं होतं ते. बा मजेत होती.

थोड्या वेळानं तो पुन्हा ओरडला. मी म्हटलं, "हो हो." नंतर तो दांडा दोन्ही हातांनी धरून उतरू लागला. त्याच्या पोटऱ्या थरथरताना मला दिसत होत्या. एवढं कडवं होऊ दे, मग टेकवू, असं मी मनाशी म्हणालो. मग दुसऱ्या कडव्यालाही तेच म्हणालो.

वाटेतल्या माळी परब या पाणपोईच्या वर त्याचा गुडघा दुमडला. दांडा टाकून बाजूला झाला असता तर पाय वाचला असता. पण तो दांडा न सोडता तसाच बसत गेला, डोली पायरीवर अलगद टेकली, आणि मग तो किंचाळला. झवेरबाला खरचटलंसुद्धा नाही.

जुनागढच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याच्या वरचा स्नायू फाटलाय. चालेल, पण ओझं घेऊन पायऱ्या उतरणं आता नाही. पुंजा तेव्हा चोवीस वर्षांचा.

मी रोज त्याच्या मांडीला तेल लावायला जायचो. त्यानं शिव्या द्याव्यात म्हणून वाट पाहायचो. एके दिवशी तो म्हणाला, "दाजी, पुढे वाऱ्यात मला काहीच ऐकू आलं नाही. काय सांगत होती हो ती?"

मला गाता येत नाही. तेलाचा हात चालवत, अडखळत, होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"छान सांगते," तो म्हणाला.