उष्टी फुंकर

"हं, फुंका. तोंड उघडं ठेवून. ओठ मिटायचे नाहीत."

डॉक्टर लक्ष्मीप्रियाने छातीचा दम बघायला पेटती काडी एकोजीरावांच्या तोंडासमोर वीतभर लांब धरली होती. एकोजीराव नुसतेच काडीकडे बघत राहिले. ज्योत तोंडाने विझवायची नसते, अग्नीला उष्टा श्वास लागतो, हे त्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पूर्वज मराठा राजांबरोबर तंजावरला आले, तेव्हा काय काय घेऊन आले आणि काय वाटेत विसरले देव जाणे. पण ही शिस्त मात्र त्यांनी कुंभकोणमपर्यंत सांभाळून आणली होती.

"फुंका हो, बोट भाजेल माझं."

मनातल्या मनात अग्नीची माफी मागून त्यांनी फुंकर मारली. ज्योत जराशी कलली आणि पुन्हा ताठ उभी राहिली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी काडी झटकून टाकली.

"दिवसाला किती सिगारेटी ओढता?"

"एकही नाही. कधीच नाही."

"सगळे असंच सांगतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, फक्त कंटाळा होता.

मग एकोजीरावांनी आपण कुठे काम करतो ते सांगितलं, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. "ती जागा सोडा. गेलेली छाती औषधाने परत येत नाही. आहे ती तरी टिकेल."

ती जागा म्हणजे बसस्टँडजवळच्या एका लॉजच्या पहिल्या मजल्यावरचा एसी बार. एकोजीराव तिथे सप्लायर, म्हणजे वेटर, म्हणून लागले तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. गिऱ्हाइकाने सिगारेट ओठांत धरली की ती पेटवून द्यायची, ही तिथली रीत. ओंजळीत काडी धरून ते ती अशी पेटवत, की एसीच्या झोताखालीही ज्योत हलत नसे. पेटवून झाल्यावर मनगट झटकून विझवत. एवढी वर्षं हातानेच विझवल्यामुळे आपली फुंकर कधी संपली, ते त्यांना कळलंच नाही.

पुढे सिगारेटला बंदी आली. भिंतीवर पाटी लागली आणि पाटीखाली रक्षापात्रं तशीच राहिली. तपासण्या वाढल्या तेव्हा मालक गुरुमूर्तींनी कोपऱ्यात काचेची खोली बांधून घेतली. ओढायचं त्याने आत जाऊन ओढावं, आत खाणंपिणं न्यायचं नाही, असा सरकारी नियम. पण ग्लासाशिवाय आत बसणार कोण? त्यामुळे ग्लास आत जाऊ लागले आणि ग्लासांबरोबर एकोजीराव. आधी हॉलभर पांगणारा धूर आता पेटीत साठवून त्यांच्या हवाली झाला. सुधारणा म्हणतात ती ही.

त्या संध्याकाळी त्यांनी गुरुमूर्तींसमोर हात जोडले. लॉजच्या तळमजल्यावर टिफिन हॉल होता. तिथे इडली, पोंगल, कॉफी आणि बायकापोरांचा गलका. "अय्या, मला खाली घ्या. पगार कमी करा पाहिजे तर. इथे आता श्वास पुरत नाही."

गुरुमूर्ती वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "आधी नाही का सांगायचं, राव? शुक्रवारपासून खाली या," ते म्हणाले.

घरी आल्यावर एकोजीरावांनी नेहमीप्रमाणे परसातच सदरा उतरवला, दोरीवर टाकला आणि विहिरीजवळ अंघोळ केली. धुराच्या वासासकट देवघरावरून जायचं नाही, हा त्यांच्या बायकोचा, मंगलाबाईंचा दंडक. पण बाहेर कुणी नाक मुरडलं की त्याच बाई ठणकावून सांगत, "धूर लोकांचा, वास तेवढा यांचा. यांच्या ओठांस अजून बिडी लागली नाहीं." एकोजीरावांकडे अभिमान वाटावा असं तेवढंच होतं, आणि तेही सांभाळत होती ती बायको.

"शुक्रवारपासून खालीं," त्यांनी सांगितलं.

"मग सदरा आंत वाळत घालूं म्हणतां?" मंगलाबाई हसल्या. "उदंड झालें मला तेवढें."

बुधवारी काचेच्या खोलीत वकील कृष्णकुमार दोन मित्रांना घेऊन बसले होते. विषय बंदीचाच होता. एक मित्र म्हणाला, गावात पूर्ण बंदी घातली तर गिऱ्हाईक तंजावरला जाईल, इथे माशा मारत बसावं लागेल. वकील तावातावाने म्हणाले, "जाऊ दे ना. बंदी हवी, आणि कडक हवी. या सप्लायर लोकांच्या छातीचा विचार कुणी करायचा?" असं म्हणून त्यांनी न बघताच सिगारेट ओठांत धरून मान पुढे केली. एकोजीरावांनी काडी ओढली.

तेवढ्यात खाली गडबड उडाली. आरोग्य पथक आलं होतं. वकील आणि मंडळी मागच्या जिन्याने अशी झरझर उतरली, की वकिलांच्या पोटाकडे बघून कुणाला खरं वाटलं नसतं. पथकाचा अधिकारी वर आला तेव्हा खोलीत धूर होता, अर्धवट प्यालेले ग्लास होते, आणि मध्ये ट्रे घेऊन एकोजीराव.

"इथे कोण ओढत होतं? गिऱ्हाइकांना आत दारू देता? परवाना घालवायचाय का?"

गुरुमूर्तींनी कपाळाचा घाम पुसला. "नाही सार. ग्लास इथे विसळायला ठेवतात."

"आणि हा धूर?"

गुरुमूर्तींनी फक्त एकोजीरावांकडे बघितलं. अधिकारी जवळ आला, त्याने त्यांच्या सदऱ्याचा वास घेतला. खिशातून डोकावणारी काड्यापेटी बघितली.

कामावर नोकर ओढताना सापडला तर नुसता दंड, पण आत गिऱ्हाईक पीत होतं म्हटलं तर परवानाच जाणार. एकोजीरावांच्या डोक्यात शुक्रवार होता. वरचं बंद झालं तर खालचं तरी चालेल का? इडलीच्या वाफेत उभं राहायला दोन दिवस उरले होते. शिवाय भीड. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

"मीच ओढत होतो, सार," ते म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. दंड गुरुमूर्तींनी लगेच भरला. पथकातल्या एकाने एकोजीरावांना पाटीखाली उभं करून फोटो काढला. सकाळपर्यंत तो फोटो गावातल्या निम्म्या फोनांवर फिरत होता.

गुरुवारी गुरुमूर्तींनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज मऊ होता. "राव, उपकार विसरणार नाही. पण खाली कसं पाठवू? खाली फॅमिली येतात. फोटोतला माणूस इडली वाढतोय म्हटल्यावर लोक नावं ठेवतील. थोडं विसरू दे सगळ्यांना."

"किती थोडं, अय्या?"

गुरुमूर्ती गल्ल्याकडे वळले.

घरी मंगलाबाई परसदारी उंबऱ्यात बसल्या होत्या. कुणीतरी त्यांनाही फोटो दाखवला होता.

"तुम्हीं ओढलांत म्हणून सांगितलांत?"

"होय."

"आणि मी एवढीं वर्षें लोकांस काय सांगत आलें?" त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर एकोजीरावांना जवळ बसता आलं असतं. "आतां कोणी विचारलें तर काय सांगूं, तेंही तुम्हींच सांगा."

एकोजीरावांनी सदरा उतरवून दोरीवर टाकला. नुसतं पाणी शेंदतानाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

शुक्रवारी ते काचेच्या खोलीत होते. कृष्णकुमार आज एकटेच आले. जरा ओशाळलेले होते, पण फार नाही.

"राव, तुम्ही होता म्हणून निभावलं. घ्या, एक ओढा माझ्याकडची. नाहीतरी नाव झालंच आहे."

"नको, सार."

वकिलांनी मान पुढे केली. एकोजीरावांनी काडी पेटवली, ओंजळ धरली, सिगारेट पेटली. मग त्यांचं मनगट नेहमीसारखं झटकलं गेलं नाही. काडी त्यांनी आपल्या तोंडासमोर वीतभर लांब धरली आणि तोंड उघडं ठेवून फुंकर मारली. आज अग्नीची माफी मागितली नाही. ज्योत कलली आणि उभी राहिली. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा. ज्योत काडीवरून बोटांकडे सरकत आली.

"अहो, भाजेल," म्हणत वकिलांनी बसल्या जागेवरून सहज फू केलं.

काडी विझली. फुंकरीतला धूर एकोजीरावांच्या तोंडावर आला. त्यांनी खोकला आवरला, काळी काडी रक्षापात्रात टाकली आणि विचारलं, "आणखी काय आणू, सार?"