वाटाड्याची खुर्ची

रेन्कोला वाट सापडते, याचा मला राग येतो. खऱ्या आयुष्यात नव्हे. तिथे तो लेअर गावच्या स्टेशनवरून आमच्या घरी यायला निघाला आणि बंदरावर पोचला होता. मी बोलतोय ते खेळातलं.

दर रविवारी दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत टेबलाभोवती हा खेळ चालतो. प्रत्येकाचं एक पात्र, त्या पात्राचा एक कागद, आणि कागदावर त्याला काय किती येतं त्याचे आकडे: तलवार, पोहणं, थापा मारणं, वाट शोधणं. इम्के सूत्रधार. जंगल तिचं, वारा तिचा, राक्षसही तिचेच. आपण म्हणायचं, "मी दार ढकलतो," आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. दार उघडलं की नाही, ते ती सांगते. मोठा आकडा पडला तर बरं, लहान पडला तर भोगा आपल्या कर्माची फळं.

वाट शोधण्याचा फासा मात्र आपला आपण टाकायचा नाही. तो इम्के टाकते, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. वाट चुकलेल्या माणसाला आपण चुकलोय हे कुठे ठाऊक असतं? म्हणून फासा कसाही पडो, ती त्याच शांत आवाजात सांगते, "तुझी खात्री आहे, गाव पूर्वेला आहे." मग गाव लागतं, नाहीतर दलदल.

आणि आमच्या घरची पद्धत अशी, की वाटाड्या ज्याचा, त्याने इम्केच्या उजव्या हाताला बसायचं आणि नकाशा काढायचा. ती खुर्ची माझी होती. इम्के आणि मी काही वर्षांपासून एकाच छपराखाली राहतो, एकाच कपाटात कपडे ठेवतो. पण ती खरी माझी वाटायची ती रविवारी, त्या खुर्चीत, तिचं कोपर माझ्या कोपराला लागायचं तेव्हा.

रेन्कोला आणलं ओनोने. ओनो पोस्टात आहे, रेन्को त्याच्याच कचेरीतला नवा. आला तो असं पात्र घेऊन, ज्याने सगळी अक्कल वाट शोधण्यातच खर्च केलेली. बाकी त्याला साधी काठी फिरवता येत नाही.

"फोल्कर्ट, जरा पलीकडे बस ना," इम्के मला म्हणाली. "नकाशा आता रेन्को काढेल. त्याचा आकडा जास्त आहे."

"आणि मी कुठे बसू?"

"ये बाबा, माझ्या शेजारी," ओनो म्हणाला. "इथे चहा गार होऊन पोचतो, पण पोचतो."

तेव्हापासून मी समोर बसून बघतोय. नव्याची नवलाई म्हणून सोडून द्यायला हवं होतं, कळतं मला. पण दर रविवारी लोण्याचा केक व्हायला लागला. माझ्या वाढदिवसाला बेकरीतून आणलेला चालतो! रेन्कोने गिचमिड नकाशा काढला तर "किती छान नदी काढलीस", मी काढायचो तेव्हा "अक्षर नीट काढ." माझ्या पोटात दुखायचं. अजून दुखतं.

एका गोष्टीचा मात्र मला भरवसा होता. इम्के फाशाशी खोटं बोलत नाही. गेल्या हिवाळ्यात माझं आधीचं पात्र, एक गायक, जिवापाड जपलेला, एका फाशात कड्यावरून गेला. मी गयावया केली, झोपताना पुन्हा विषय काढला. तिने दिवा मालवला आणि म्हणाली, "फासा तो फासा, फोल्कर्ट. तुझ्यासाठी वाकवला तर खेळ कशाला खेळायचा?" तिच्या या ताठपणावरच तर मी भाळलो होतो.

त्या रविवारी आमची टोळी खाजणाच्या काठाशी उभी होती. भरतीचं पाणी चढत होतं. वाटा दोन: बांधावरून किंवा वेळूच्या बनातून. मी हट्टच धरला. "माझ्याही माणसाला वाट शोधता येते. दोघांसाठी टाक."

इम्केने दोन फासे टाकले, माझा हिरवा, त्याचा लाल. आडोशामागे पाहिलं. "फोल्कर्ट, तुझी खात्री आहे, बांधावरून जायचं. रेन्को, तुझी खात्री आहे, बनातून."

तेवढ्यात किटली शिट्टी घालू लागली. ती उठली. "मी कप घेतो," म्हणत रेन्को मागोमाग गेला. ओनो बाथरूमकडे वळला. आतून त्या दोघांचं हसू ऐकू आलं. चहा करण्यात हसण्यासारखं काय असतं, देव जाणे. मी सायीचं भांडं घेण्याच्या निमित्ताने उठलो आणि आडोशामागे डोकावलो. हिरव्यावर एकोणीस. लालवर दोन.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आता बुडेल लेकाचा, नाकातोंडात पाणी जाईल, आणि सगळ्यांदेखत जाईल. मी जागेवर येऊन बसलो आणि केकचा मोठा तुकडा घेतला.

सगळे परतले. इम्केने चहा ओतला, कपात खडीसाखर तडकली. मग ती बसली, फाशांकडे पाहिलं, रेन्कोकडे पाहिलं.

"बनातली वाट कोरडी निघाली," ती म्हणाली. "पलीकडे गावाचे दिवे दिसतात. शाब्बास, रेन्को."

घास माझ्या घशातच अडकला. ओनो माझ्या पाठीवर थापटत होता, त्याला वाटलं ठसका लागला.

"माझा माणूस मागे वळतो," मी म्हणालो. "तो बांधावरून जाणार."

"अरे येड्या, गाव समोर दिसतंय," ओनो म्हणाला.

"त्याची खात्री आहे. तूच सांगितलंस ना, इम्के?"

इम्केने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. कानापर्यंत लाल झाली ती. आता खरं बोलेल, मला वाटलं. निदान मला तरी बांध देईल. तिने हळूच हात पुढे करून दोन्ही फासे मुठीत घेतले.

"बांध मध्येच फुटलाय," ती म्हणाली. "तू कमरेपर्यंत चिखलात आहेस. पाणी वाढतंय."

"फासा टाकायचा नाही का?"

"गरज नाही."

रेन्कोच मध्ये पडला, अगदी मनापासून. "थांबा, मी परत फिरतो. असं कसं सोडायचं त्याला? मी शोधतो."

"टाकते हं तुझ्यासाठी," इम्के म्हणाली. आडोशामागे फासा अजून गडगडतच होता, तेवढ्यात ती म्हणाली, "सापडला."