न धुतलेले पीप

मित्रांनो, मी एक जुने लाकडी पीप आहे, आणि मला कधी कोणी धुतले नव्हते याचा मला फार अभिमान होता. नाक मुरडू नका. माझ्यात राय धान्याचे पीठ आंबवतात. पाव भाजून झाले की माझ्या अंगाला चिकटलेले पीठ तसेच राहू द्यायचे, कारण तेच पुढच्या पावाचे विरजण असते. आमच्या जातीत अंघोळ न केलेल्यालाच मान मिळतो.

माझा जन्म फिनलंडच्या पूर्वेकडे, एका तळ्याकाठच्या गावात झाला. एका सुताराने पाइनच्या फळ्या घट्ट बांधून मला घडवले आणि ओनेर्वाआत्याच्या सासूच्या स्वाधीन केले. सासूकडून मी आत्याकडे आले. दर आठवड्याला पाव व्हायचे, आणि आत्या माझी पाठ थोपटून म्हणायची, "गुणाचं गं माझं." पुढे दुकानातला कापलेला पाव घरोघरी आला, आत्याचे हात दुखू लागले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. माझ्यात बटाटे भरले. बटाट्यांशी बोलण्यासारखे काही नसते. ती वर्षे मी कशी काढली ते माझे मलाच ठाऊक.

मला बाहेर काढले ते रायलीने. ती आत्याच्या भाच्याची, योर्माची बायको. कागदाच्या कारखान्यात ती कागद तपासायची. कारखाना बंद पडला तेव्हा ती आत्याकडे आली आणि म्हणाली, "मी पाव विकायचं ठरवलंय."

"तुला पाव येतो?"

"खाता येतो."

"मग निम्मं काम झालं," असे म्हणून आत्याने मला तिच्या हाती दिले.

पहिले पाव विटांसारखे निघाले. योर्माने एक हातात घेऊन तोलला. "हा सौनाच्या न्हाणीघराच्या दाराला टेकवून ठेवू या. वाऱ्यानं फार आपटतं ते."

रायली हसली नाही आणि रडलीही नाही. तिने पाव कापला, खिडकीपाशी उजेडात धरला आणि निरखून पाहिला. "कागद खराब निघाला की आम्ही काय डोकं धरून बसायचो? यंत्राची चावी जराशी फिरवायची आणि परत बघायचं. आज पाणी गार होतं. उद्या कोमट घेते." त्या क्षणी ही बाई मला आवडली.

पण तिचा एक दोष होता. मनात येईल तेव्हा ती माझ्याकडे फिरकायची. एखाद्या आठवड्यात रोज लाड, आणि मग पुढचे कितीतरी दिवस माझी आठवणच नाही. मी वाळायचे, रुसायचे आणि माझा राग पावात उतरायचा. शेवटी आत्यानेच तिला धरले.

"विरजण म्हणजे पाहुणा नव्हे, सूनबाई. लहर आली की विचारपूस, असं चालत नाही त्याला. दिवसातून न चुकता काय करतेस तू?"

"कॉफी पिते."

"मग कप खाली ठेवलास की पिपात मूठभर पीठ. कपानंतर पीप. विचार करत बसायचं नाही."

तेव्हापासून तसेच होऊ लागले. बर्फ खिडकीपर्यंत चढो, रायलीला ताप असो, योर्माशी भांडण झालेले असो, कप टेबलावर टेकल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ पीठ. मी त्या आवाजाची वाट बघू लागले. माझ्या पोटात बुडबुडे उठू लागले, आणि पाव हळूहळू अंग धरू लागले. इतका आनंद मला माझ्या तरुणपणीही झाला नव्हता.

शहरातल्या बाजारात ताउनो केट्टुनेन नावाच्या म्हाताऱ्या पाववाल्याचा गाळा होता. त्याचे गुडघे गेले होते आणि गाळा कोणाला द्यावा याचा तो विचार करत होता. रायलीचा पाव खाऊन तो म्हणाला, "पाव बरा आहे. पण बरा पाव करणारे पुष्कळ येतात आणि हिवाळ्यात गायब होतात. उन्हाळ्यातल्या युहान्नुसच्या सणापर्यंत दर शनिवारी पाव घेऊन ये. एकही शनिवार चुकला तर गाळा दुसऱ्याचा."

रायलीला तो गाळा मनापासून हवा होता. ती एकही शनिवार चुकली नाही. सणाआधीचा शेवटचा शनिवार तेवढा उरला होता.

आणि त्याच आठवड्यात योर्माला कामाचा उत्साह चढला. सणाआधी आमच्याकडे घरातल्या सतरंज्या तळ्याच्या धक्क्यावर नेऊन घासतात. रायली पीठ आणायला शहरात गेली होती. योर्माने सतरंज्या नेल्या आणि बायको खूश होईल म्हणून मलाही नेले. पाइनचा साबण, राठ ब्रश आणि थंडगार पाणी. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, ऊन छान होते आणि पाठ खाजवली गेल्यावर क्षणभर मला बरेच वाटले. मग आपण पार उघडे पडलो आहोत हे माझ्या लक्षात आले.

रायली परतली तेव्हा मी ओट्यावर चकाकत होते.

"बघ," योर्मा म्हणाला, "लाकडाचा मूळ रंग दिसला. काय घाण साचली होती."

रायली खाली बसली. "योर्मा, ती घाण नव्हती. तो माझा धंदा होता."

योर्माचा चेहरा पांढराफटक पडला. "मी दुकानातून यीस्ट आणतो."

"ताउनोनं माझा पाव मागितलाय, यीस्टचा नाही."

आत्याही धावत आली. "आता गावात विरजण मागायचं तरी कोणाकडे? सगळे दुकानाचाच खातात," ती म्हणाली. मग योर्माकडे बघून, "माझ्या सासूनं घरातल्या पुरुषांना पिपाजवळ फिरकू दिलं नाही, ते उगाच नव्हतं."

रायली उठली. मग तिने कॉफी केली आणि प्याली. कप खाली ठेवला. आणि माझ्यात मूठभर पीठ आणि कोमट पाणी घातले, जणू काही झालेच नव्हते. मला भरून आले. माझ्या फळ्यांच्या रेषांत जुने विरजण कुठे कणभर उरले असेल ते मी शोधू लागले. शुक्रवारी माझ्यात चार बुडबुडे उठले. मला तेवढेच जमले. पाव झाले, पण बसके आणि घट्ट.

शनिवारी रायलीने ते पाव गाडीत घातले आणि शेजारी मलाही, पुरावा म्हणून.

ताउनोने पाव कापला आणि बराच वेळ चावला. "पुठ्ठा," तो म्हणाला.

"हो."

"कारखान्याची सवय सुटलेली दिसत नाही."

"नवऱ्यानं पीप धुतलं." तिने मला पुढे केले.

ताउनोने माझ्या स्वच्छ पोटात डोकावून पाहिले आणि तो हसू लागला. ॲप्रनने डोळे पुसेपर्यंत हसला. मग गंभीर झाला. "असला पाव घेऊन कोणी येत नाही, रायली. फोन करतात. आजारी आहे म्हणतात. तू का आलीस?"

"शनिवार आहे ना," रायली म्हणाली.

ताउनोने खिशातून गाळ्याची किल्ली काढली आणि त्या बसक्या पावावर ठेवली.

आता मी त्या गाळ्यात मागच्या बाजूला असते. माझ्या अंगावर पुन्हा छान थर चढला आहे. योर्मा सकाळी पाव रचायला येतो आणि माझ्यापासून हातभर लांबून जातो. रायली अजूनही दर शनिवारी पहिला पाव कापून उजेडात धरते आणि काहीतरी सुधारायचे शोधून काढतेच.

मित्रांनो, तुम्हालाही काही उभे करायचे असेल तर त्याला रोज मूठभर द्या, मन असो वा नसो. आणि ज्या दिवशी तुमचा पाव फुगणार नाही, त्या दिवशी तोच पाव घेऊन बाजारात जा. माझी स्वतःची विनंती एकच आहे. मला धुऊ नका.