गाठीपाशी तुटलेलं

तुटलेल्या टोकावर एक काळा ठिपका होता, तिळाएवढाही नाही — पण भिंगाखाली धरला की दुसरं काही दिसेचना. याही वेळी तिथेच. यंत्राच्या जबड्यांत अ‍ॅल्युमिनियमची दांडी ताणत गेली, पडद्यावरची रेघ वर चढता चढता मध्येच कोसळली, आणि टक्... काहीही न मिसळलेल्या दांडीनंसुद्धा याहून जास्त ओढ सोसली होती.

मग हे सगळं कशासाठी, तिच्या मनात आलं — सिरॅमिकची पूड तापवून कोरडी करायची, केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बनच्या नळ्या तिच्यात घोळवायच्या, वितळलेल्या धातूत ते सगळं ढवळायचं, आणि या नळ्यांनी धातूला धरायचं सोडून एकमेकींच्याच गळ्यात पडायचं, अशी काळी गाठ करून बसायचं, आणि दांडी तुटायची ती त्या गाठीपाशी. चिमूटभर घातल्या तेव्हा छान पसरल्या होत्या, दांडी चांगली दणकट झाली होती. पण सरांना चिमूट पुरत नाही. सर परिषदेत सांगून बसलेत, नळ्या जितक्या जास्त तितकी ताकद जास्त. आणि माझ्या प्रबंधावर सही करायची ती सरांनीच... मूग गिळून बसण्यात माझी उमेदीची वर्षं चाललीत.

"अगं, ते म्हणतात तसं लिहून टाक ना," काल नवरा कांदा चिरता चिरता म्हणाला होता. "पदवी मिळाली की मग भांड हवं तेवढं." इतक्या सहज, की तिला त्याचा संताप आला. मग स्वतःचा आला, कारण तिच्याही मनात तेच घोळत होतं.

दार ढकलून सर आत आले. उभ्याउभ्याच त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"ढवळणं कमी पडलं तुझं. नळ्या आणखी वाढव. आणि ही दांडी हिशेबात धरू नकोस."

तिचं 'हो सर' एरवी त्यांचं वाक्य संपायच्या आतच तयार असायचं.

"ढवळणं कमी नाही पडलं, सर."

हा आपलाच आवाज, हे तिला जरा उशिरा कळलं.

"म्हणजे?" सरांनी खुर्ची ओढली. ते चक्क बसले.

मनातल्या मनात सरांशी भांडताना तिनं एकेक वाक्य घोटून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही आठवेना. भीती वाटत होती, सरळ सरळ भीती. पण सकाळपासून धुमसणारा तो राग... तो कुठे गेला? शोधूनही सापडत नव्हता, आणि त्याच्याशिवाय बोलायचं कसं, हे तिला माहीत नव्हतं.