दादाचा हात

दोन्ही बाटल्यांवर कागदी पिशव्या चढवून तिने गळ्याशी सुतळी आवळली आणि पेनाने एकीवर 'एक', दुसरीवर 'दोन' असं लिहिलं. एक गाठ सैल वाटली, म्हणून ती सोडून पुन्हा घट्ट बांधली.

खिडकीबाहेर दातांच्या डॉक्टरांची सहल वेलींच्या रांगांमधून फोटो काढत हिंडत होती. नवरा गेल्यानंतर वाइन चाखायला आलेला हा पहिलाच गट. धाकट्या दिराने येण्यासाठी नेमका आजचाच दिवस धरला होता, आणि बरोबर सासूबाईंनाही आणलं होतं.

"वहिनी, राग मानू नका," तो आल्या आल्या म्हणाला होता. "वेली तुम्ही सांभाळल्यात, कबूल. पण वाइनमध्ये हात दादाचा होता. तो गेला, आता मळ्याला गिऱ्हाईक चालून आलंय तोवर आईने सही करून मोकळं व्हावं. हवं तर आज दादाची शेवटची आणि तुमची पहिली शेजारी-शेजारी ठेवा. झाकून. लोकच सांगतील."

"ठेवते," ती म्हणाली होती.

ती एवढ्या पटकन हो म्हणेल असं त्याला वाटलं नसावं. तो उगाच चष्मा पुसत राहिला. सासूबाई मात्र दोघांकडेही न बघता खुर्चीत टेकल्या होत्या. मळा त्यांच्या नावावर होता, पण थोरला गेल्यापासून त्या इथे फिरकल्या नव्हत्या.

मंडळी आत आली. पेले भरले गेले.

"रुग्णांना सांगायचं, तांबडी वाइन नको, दात डागाळतात," त्यांच्यातल्या वयस्कर डॉक्टरीणबाई पेला उजेडात धरून म्हणाल्या, "आणि आपण इथे!"

"आपणच प्यायची सगळी. रुग्णांसाठी शिल्लकच ठेवायची नाही," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

ती हसली नाही. कुणाच्या पेल्यात किती उरतंय, एवढंच तिला दिसत होतं.

"मलाही दे," सासूबाई अचानक म्हणाल्या. "दोन्ही."

"आई, तू?" दीर चाट पडला.

"पोरगं जन्मभर हेच करत होतं. मी एकदाही तोंडाला लावली नाही. दे."

तिने दोन पेल्यांत घोट घोट ओतून त्यांच्यापुढे ठेवले. सासूबाईंनी पहिला चाखला, तोंड कसनुसं केलं आणि बाजूला सारला. दुसरा नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

तोवर डॉक्टरांचा निकाल लागला होता. "दोन नंबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिली नुसतीच आंबट. हिला अंग आहे, जिभेवर भरदार लागते." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

दिराने टेबलावर थाप मारली. "बघितलंत? दादाचा हात! लपून राहत नाही."

"त्याचीच," सासूबाई पुटपुटल्या. "त्याच्या सदऱ्याला हाच वास यायचा." त्यांचे डोळे मिटलेले होते. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा निवला होता.

तिचा हात सुतळीवर होता. गाठ सोडली की मळा वाचणार होता, आणि समोरच्या बाईचा आत्ताच सापडलेला मुलगा पुन्हा जाणार होता. उद्या एकटीला गाठून सांगता येईल, असंही मनात येऊन गेलं. पण उद्यापर्यंत सही झाली तर?

तिने गाठ सोडली. पिशवी वर ओढली. बाटलीवर यंदाचं साल होतं.

दीर बाटलीकडे बघतच राहिला. डॉक्टरमंडळी एकमेकांकडे पाहून हळूहळू बाहेरच्या व्हरांड्याकडे सरकली.

"ही माझी आहे, आई," ती खाली बसत म्हणाली. "त्यांचे सदरे मीच धुवायचे. तो वास माहीत होता मला. तो येईपर्यंत पिंपाला हात लावू दिला नाही कुणाला."

सासूबाईंनी डोळे उघडले. "मग ती पहिली त्याची?"

"हो. शेवटी शेवटी त्यांना चवच लागत नव्हती. औषधांनी गेली होती. 'कुणाला कळू देऊ नकोस' म्हणाले. अंदाजाने केली त्यांनी."

मग सासूबाईंनी बाजूला सारलेला पेला ओढून घेतला आणि त्यातली आंबट वाइन थेंबही न ठेवता, सावकाश, तोंड जराही वाकडं न करता संपवली. पदराने ओठ टिपले.

"आई, त्या लोकांना संध्याकाळपर्यंत कळवायचंय," दीर हलक्या आवाजात म्हणाला.

सासूबाई सुनेकडे वळल्या.

"छाटणी कधी धरतेस?"

"पुढच्या आठवड्यात."

"माणसं आत्ताच सांगून ठेव. ऐनवेळी मिळत नाहीत."