चोरकप्प्यात काय ठेवायचं?

मित्रांनो, तपकिरी कातड्याची, एका बाजूने रंग उडालेली, खांद्याला अडकवायची पर्स तुमच्याही घरात एखादी असेल. तशीच मी. वय अकरा वर्षं, म्हणजे पर्सच्या मानाने म्हातारीच. आजवर मी कोणाशी बोलले नाही, कारण पर्सला कोणी काही विचारत नाही. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या पोटात काय ठेवायचं यावरून एवढा घोळ झाला की मी अजून त्यातून बाहेर आलेले नाही. तुम्हाला सांगून पाहते.

माझा जन्म नागपूरचा, इतवारीतल्या एका अरुंद दुकानातला. रोहिणीला जर्मनीत, हॅनोव्हरच्या विद्यापीठात पीएचडीला जागा मिळाली, तेव्हा तिचे बाबा नामदेवराव मला घ्यायला आले. नुकतेच पोस्टातून निवृत्त झाले होते. त्यांनी मला चारदा उलटीपालटी केली आणि कारागिराला म्हणाले, "पोरगी एकटी चालली परदेशात. पासपोर्टासाठी आतून एक चोरकप्पा लावून द्या. बाहेरच्याला पत्ता लागला नाही पाहिजे." कारागिराने माझं अस्तर उसवलं आणि त्यामागे असा कप्पा शिवला की विमानतळावरच्या बाईलाही तो सापडला नाही. त्याचा मला फार अभिमान आहे. माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच तर आहे.

पहिली काही वर्षं चोरकप्प्यात पासपोर्ट आणि नाना कार्यालयांचे कागद असायचे. मग रोहिणीचं लग्न झालं, पीएचडी झाली, त्याच विद्यापीठात मातीच्या संशोधनाची नोकरी लागली. उज्ज्वल, म्हणजे तिचा नवरा, गाड्यांचे भाग तपासणारा इंजिनिअर. त्यांना अन्वी झाली, आणि तेव्हापासून चोरकप्प्यातले कागद जाऊन तिथे खाऊ आला.

नामदेवराव पोस्टातून कधी रिकाम्या हाताने घरी आले नव्हते. रोहिणीनेही तीच सवय उचलली. कधी चिक्की, कधी बेकरीतला छोटा खारा ब्रेत्सेल, आणि नागपूरहून पार्सल आलं असेल तर राजगिऱ्याचा लाडू. दार उघडलं की अन्वी धावत यायची. आईकडे बघायच्या आधी तिचा हात माझ्यात शिरायचा, अस्तरामागे सरकायचा आणि खाऊ घेऊन बाहेर यायचा. अन्वीला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. हात मात्र तिचा पक्का नागपूरचा आहे.

मध्ये एकदा उज्ज्वलने रोहिणीला नवीकोरी सॅक आणली. मी खुंटीवर गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण सॅकमध्ये चोरकप्पा नव्हता. चार वर्षांच्या अन्वीने तिचे सगळे खिसे धुंडाळले आणि भोकाड पसरलं. चौथ्या दिवशी मी पुन्हा खांद्यावर होते.

आता त्या नोव्हेंबरचं सांगते. तिकडे तेव्हा पाच वाजताच अंधार पडतो. ट्रामच्या थांब्यापासून घराकडे जाणारी वाट छोट्या छोट्या बागांमधून जाते. एक माणूस दोन दिवस रोहिणीच्या मागून चालत आला. तिसऱ्या दिवशी त्याने माझा पट्टा धरला आणि ओढला. रोहिणीने सोडलं नाही. माझी शिवण उसवली. तेवढ्यात एक सायकलवाला आला आणि तो माणूस पळाला. पोलिसांनी सगळं नीट लिहून घेतलं, पण माणूस सापडला नाही. घरी रोहिणीने अन्वीला सांगितलं, "पर्स जुनी झालीय ना, म्हणून तुटली." माझ्यावर आळ आला, पण मी तो मुकाट्याने घेतला.

त्यानंतर रोहिणी पाच मिनिटांची वाट तीन मिनिटांत चालायला लागली. माझा पट्टा ती इतका घट्ट धरायची की तिच्या बोटांचे वळ कातड्यावर उठायचे.

जर्मनीत खरं शस्त्र बाळगायला सहसा परवानगी मिळत नाही. पण नुसता मोठा आवाज करणारं आणि डोळ्यांत झोंबणारा वायू सोडणारं शस्त्र एका छोट्या परवान्यावर लपवून नेता येतं. रोहिणीने अर्ज केला आणि परवाना आला. आता फक्त एकच ठरवायचं होतं, रिव्हॉल्व्हर घ्यायचं की पिस्तूल. उज्ज्वल तक्ता केल्याशिवाय टोस्टरसुद्धा घेत नाही. त्याने याचाही तक्ता केला.

"रिव्हॉल्व्हर सिंपल आहे, रोहिणी. घाबरलेल्या माणसाला खटके शोधत बसायला लागू नये."

"पण जाड आहे ना ते. पर्स फुगलेली दिसेल. पिस्तूल चपटं असतं."

"त्याची सेफ्टी काढायला विसरलीस तर?"

"आणि तुझं रिव्हॉल्व्हर अस्तरात अडकलं तर?"

दुसऱ्या दिवशी उज्ज्वल पिस्तुलाच्या बाजूने बोलायचा आणि रोहिणी रिव्हॉल्व्हरच्या. दोन आठवडे हेच चाललं होतं. चोरकप्पा माझा, अस्तर माझं, आणि मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? रोहिणीची भीती खरी होती. ती मला पट्ट्यातून कळत होती.

शेवटी एका शनिवारी सकाळी आम्ही दुकानात गेलो. उज्ज्वल अन्वीला घेऊन समोरच्या बेकरीत थांबला. दुकान लिंडनर नावाच्या एका वयस्कर बाईंचं होतं. त्यांनी दोन्ही शस्त्रं उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि रोहिणीसमोर ठेवली. "आल्झो, तर मग पर्समध्ये घालून बघा," त्या म्हणाल्या.

रोहिणीने रिव्हॉल्व्हर चोरकप्प्यात घातलं. माझं पोट एका बाजूने टरारलं. तिने आरशात पाहिलं, ते काढून पिस्तूल घातलं. ते चपटं बसलं, पण त्याचा गारवा थेट माझ्या तळाशी गेला. मग पुन्हा रिव्हॉल्व्हर. पुन्हा पिस्तूल. मला भोवळ यायची वेळ आली. रोहिणीचं काही ठरेना. तिने उज्ज्वलला फोन केला, "जरा आत ये ना. तूच बघ, कोणतं कमी दिसतं."

उज्ज्वल आला. त्याच्या पुढे अन्वी धावत आली, आणि रोज दारात जे करते तेच तिने केलं. आईकडे बघायच्या आधी तिचा हात माझ्यात शिरला, अस्तरामागे सरकला आणि मूठ भरून बाहेर आला.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात रिव्हॉल्व्हर होतं की पिस्तूल, ते मला आजही आठवत नाही. दोन आठवडे ज्याच्यावर काथ्याकूट झाला, तेच आठवत नाही. आठवतो तो फक्त त्यावरचा सहा वर्षांचा हात.

अन्वीने जर्मनमध्ये विचारलं, "आई, हे माझ्यासाठी?"

लिंडनरबाईंनी काउंटरमागून येऊन ते तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. उज्ज्वल भिंतीला टेकला. रोहिणी खाली बसली आणि तिने अन्वीचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"घरी मी ते कुलपात ठेवीन, असं ठरवलं होतं," ती कोणाकडेही न बघता जर्मनमध्ये म्हणाली.

"कुलपापर्यंत तुम्ही पोचायच्या आधी हा हात पोचतो," लिंडनरबाई म्हणाल्या. "आज मी तुम्हाला काही विकणार नाही."

आम्ही दोन्हीपैकी काहीच न घेता निघालो. आता माझ्या पट्ट्याला एक छोटं यंत्र लटकतं. ते ओढलं की कानठळ्या बसवणारा आवाज येतो. शेजारच्या संपदाची ट्राम तीच असेल, तर दोघी बरोबर येतात. संपदा रोज नसते. तो माणूसही अजून सापडलेला नाही. त्या वाटेवर आईने भ्यावं हे बरोबर नाही आणि माझ्यातून ते शस्त्र निघावं हेही बरोबर नाही. मग बरोबर काय, ते मला कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा.

चोरकप्प्यात पुन्हा खाऊ असतो. पण मागे पावलं वाजली की रोहिणीचा हात अजून आत जातो, अस्तरामागे सरकतो आणि जे हाताला लागेल ते घट्ट आवळतो. त्यामुळे हल्ली राजगिऱ्याचा लाडू घरी पोचतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा चुरा झालेला असतो.

अन्वी तो तळहातावर घेते आणि एकेक दाणा टिपून खाते. परवा पहिल्यांदाच तिने खायच्या आधी आईकडे पाहिलं आणि चक्क मराठीत विचारलं, "आज तू घाबरलीस?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पर्सला तेलपाणी करा, शिवण उसवली तर लगेच शिवून आणा, एवढं तर मी सांगणारच. पण कधी आईने आणलेला खाऊ चुरडलेला निघाला, तर तोंड वाकडं करू नका. आधी तिला एवढंच विचारा.