पुढची बैठक

यांनी दुकानदाराच्या पेल्यात दोन बोटं बुडवली आणि तशीच ओली बोटं मोबाइलवर फिरवली. चित्र जागचं हललं नाही.

"हे घरात बसून मासे धरणाऱ्यांसाठी," ते म्हणाले.

दुकानदार पन्नाशीचा, सोशिक माणूस. चेंडूएवढं हे यंत्र दोरीनं पाण्यात सोडायचं, तळ आणि मासे मोबाइलवर दिसतात, छोट्या होडीला याहून हलकं काही नाही, असं त्यानं समजावून पाहिलं. पण एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त केलेल्या माणसाला ओल्या हातानं न चालणारी वस्तू पटवणं सोपं नव्हतं.

खरं तर यांना असलं यंत्र कधी लागलंच नाही. पाण्याचा रंग, वाऱ्यानं उठलेली बारीक सुरकुती, बुडबुडे पाहून ते गळ टाकायचे. मागच्या वर्षी दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध काळा डाग आला. तो आता जायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग लेकीनं फर्मान काढलं, की बाबांनी एकट्यानं पाण्यात होडी घालायची नाही. हे महिनाभर अंगणात पालथ्या होडीला तेल चोळत बसले.

दुकानदारानं दुसरं यंत्र काढलं. पाटीएवढा पडदा, ठसठशीत बटणं, होडीच्या काठाला आवळायची पकड, वेगळी बॅटरी. यांनी बटणं चाचपली, पकड आवळून पाहिली. पडदा तोंडासमोर धरला, तिरका केला आणि माझ्याकडे सरकवला.

"वाच गं."

नमुन्याचं चित्र होतं. खोली चार मीटर, खाली दोन मासे, त्यातला एक मोठा, असं मी वाचलं.

दुकानदार म्हणाला, "काका, मागच्या बैठकीपाशी बसवायला पट्टी देतो. वल्हवताना हाताशी राहील."

"मागे नको. पुढच्या बैठकीसमोर द्या. वाचणारी तिथं बसते."

मी चमकले. गुडघ्याच्या ऑपरेशनला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून मी होडीत पाय ठेवला नव्हता.

"अहो, मला तेवढं खाली बसता तरी येतं का?"

"बैठक चार बोटं उंच केलीय," बॅटरीची वायर गुंडाळत ते म्हणाले. "तू बँकेत गेली होतीस तेव्हा. विचारायचं राहिलं."

या माणसाचं हे असंच. लग्नाचंसुद्धा यांच्या बहिणीनं विचारलं होतं.

रविवारी सकाळी निघालो. मला होडीत चढवायला लेक, जावई आणि हे, तिघं लागले. कपाट चढवतात तशी चढवली. मग मी वाचत गेले. तीन मीटर. साडेतीन. मासा नाही. बराच वेळ मासा नाही. पडद्यावर वाचण्यासारखं काही उरेना, तेव्हा मी मान वर केली.

"डावीकडे एक झाड पाण्यात वाकलंय. दोन बदकं आहेत. पलीकडच्या घरी कुणीतरी निळी चादर वाळत घातलीय."

मागून आवाज आला, "कशी निळी?"

मी सांगत राहिले. वल्हं हळू झालं होतं, थांबलं नव्हतं.